नंबराप्रमाणे लावलेल्या आठ डिस्क

३ ऑगस्ट

मामा,

पेटी आज ट्रकवर चढली. पेटी म्हणजे आमच्या ऑफिसातली जुनी स्टोरेजची मशीन. कंपनीने नवी घेतली आणि ही भंगारात निघाली होती. मी साहेबांचं डोकं खाऊन ती रीतसर तुझ्या अंधशाळेच्या नावाने मागून घेतली. कंपनीचा मजकूर सगळा पुसलाय. आठही डिस्क एकेक तपासून माझ्या हाताने कप्प्यांत बसवल्यात.

आता तुझी पेनड्राइव्हची हमाली बंद. रेकॉर्डिंगच्या खोलीत कोणी पुस्तक वाचून झालं की ते तिथूनच पेटीत जाईल. तू लायब्ररीत बसून तपासशील आणि वसतिगृहातल्या मुली आपापल्या टेबलावरून तेच ऐकतील. तीन खोल्यांना मिळून एकच कपाट आहे असं समज.

दोन्ही विजेच्या वायरी लाव, एकीवर भागवू नकोस. बाहेरच्या इंटरनेटला ही पेटी अजिबात जोडायची नाही, फक्त शाळेच्या आतल्या नेटवर्कला. बाकी सगळं वेगळ्या कागदावर लिहिलंय, अगदी बाळबोध. अडलं तर फोन कर. मी केलेला तू उचलत नाहीस, निदान तू तरी कर.

तुझी भाची

१९ ऑगस्ट

भाचेबाई,

तुझी पेटी पोचली. चार माणसांनी वर चढवली आणि चौघांनीही तुझ्या नावाने बोटं मोडली. तुझा बाळबोध कागद समोर धरून मी सगळ्या वायरी लावल्या. हिरवे दिवे लागले तेव्हा मी एकट्यानेच टाळी वाजवली.

आता वाचकांनी वर्षानुवर्षं येऊन वाचलेली सगळी क्रमिक पुस्तकं सीड्यांवरून तिच्यात उतरवतोय. मुली खूश आहेत. पूर्वी एका सीडीसाठी तिघी भांडायच्या.

पंखे फार घोंगावतात म्हणे. शेजारच्या वर्गाने तक्रार केली. मला काही त्रास नाही. आमच्या ऑपरेटरबाई तुला आठवत असतील, शाळेचा टेलिफोन सांभाळतात त्या. डोळ्यांनी दिसत नाही, पण शाळेत कोण कुठे शिंकलं ते बाईंना ठाऊक. 'लायब्ररीची गिरणी झाली' असं त्या सगळ्यांना सांगत फिरतात. आमचं जुनं वैर आहे, चालायचंच.

फोन नको. लिहिलेलं मला पुन्हा वाचता येतं. तू मेलवर लिहीत जा, मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रोज बघतो.

मामा

३० नोव्हेंबर

मामा,

पेटी चाललीय हे वाचून बरं वाटलं. पण एक सांग, सीड्या जपून ठेवल्यास ना? पेटीतल्या डिस्कपैकी एखादी बिघडली तर बाकीच्या तिला सांभाळून घेतात, तशी ती शहाणी आहे. पण अख्ख्या पेटीलाच काही झालं तर कोणी सांभाळणार नाही. दुसरी प्रत हवीच.

आणि खरं सांग, तू माझ्यावर रागावलायस का? सुट्टीत आले नाही म्हणून? तीनदा फोन केला. आई म्हणते तू तिचाही उचलत नाहीस. रागावला असशील तर शिव्या घाल, पण असा अबोला धरू नकोस रे.

तुझी भाची

९ डिसेंबर

भाचेबाई,

रागावायला तू काय माझी सासू आहेस? कामात असतो, एवढंच.

सीड्या गेल्या. हेडसरांना ती खोली मुलींच्या व्यायामासाठी हवी होती. 'सगळं पेटीत आहे ना, मग हा पसारा कशाला?' म्हणाले. निम्म्या सीड्या तशाही ओरखडे पडून निकामी झालेल्या. पोरींना उड्या मारायला जागा मिळाली.

दुसऱ्या प्रतीचं बघतो.

मामा

२० जानेवारी, सकाळ

भाचेबाई,

घोटाळा झालाय. शाळेला रंग काढला म्हणून परवा पेटी बंद केली होती. आज चालू केली तर एकही पुस्तक नाही. पडद्यावर लिहून आलंय, 'ओळखीची रचना सापडली नाही. नवीन रचना करायची का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

मुलींची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्यांची सगळी पुस्तकं याच पेटीत. हेडसरांनी बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलंय. तो म्हणतो, 'हो' दाबलं की पाच मिनिटांत नव्यासारखी करून देतो.

काय करू? माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

मामा

२० जानेवारी, दुपार

मामा,

हात लावू नकोस! 'हो' म्हणजे नवी कोरी रिकामी पेटी. पाच मिनिटांत नव्यासारखी होईल हे अगदी खरंय, आत काहीच उरणार नाही. त्या कॉम्प्युटरवाल्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. हेडसर ओरडले तर ओरडू देत.

रंगाच्या वेळी नक्की काय काय केलंत ते सगळं लिही. पेटी हलवली? पाडली? पाणी गेलं? काहीही लपवू नकोस.

भाची

२० जानेवारी, संध्याकाळ

भाचेबाई,

लपवायला काय आहे? पाडली नाही, भिजवली नाही. उलट तिची जेवढी काळजी घेतली तेवढी कोणी घेणार नाही. आत धूळ बसली होती, म्हणून आठही डिस्क बाहेर काढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या आणि परत घातल्या. तू त्या कशाही घातल्या होत्यास, तुला लहानपणापासूनच शिस्त नाही. प्रत्येकीवर नंबर आहे, तरी कुठला नंबर कुठे! मी नंबराप्रमाणे ओळीने लावल्या. जन्मभर पुस्तकं लावलेला माणूस आहे मी.

लायब्ररीला आतून कडी लावून बसलोय. लवकर लिही.

मामा

२१ जानेवारी, सकाळ

मामा,

तुझे पाय धरू की डोकं फोडून घेऊ, कळत नाहीये.

अरे, ते नंबर कारखान्याचे! त्यांचा कप्प्यांशी काडीचा संबंध नाही. प्रत्येक पुस्तकाचे तुकडे होऊन ते आठ डिस्कांवर वाटलेले असतात. पहिला तुकडा पहिल्या कप्प्यात, दुसरा दुसऱ्यात, असे. तू पोथीची पानं काढून तिसऱ्याच हिशोबाने लावलीस. आणि मी शहाणी! आधीचा क्रम कुठेही लिहून ठेवला नाही. म्हटलं, कोण कशाला काढतंय?

आता नीट वाच. काही मशिनं क्रम बदलला तरी डिस्क ओळखतात. ही ओळखते की नाही, छातीठोक सांगता येत नाही. तू 'नाही' दाब. पुढच्या यादीत 'आहेत तशा स्वीकारा, फक्त वाचण्यासाठी' असं येईल, ते निवड. त्याने काही बिघडणार नाही. मग पुस्तकांची नावं दिसतात का बघ. नावं दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस, आतला मजकूर विस्कटलेला असू शकतो. एखादं पुस्तक लाव आणि पाच-दहा मिनिटं कान देऊन ऐक.

आवाज सलग आणि स्वच्छ असेल तर 'दुरुस्ती' चालू करायची. पण मामा, दुरुस्तीत पेटी सगळ्या डिस्कांवर नव्याने लिहिते. क्रम चुकीचा असला तर ती चुकीचंच खरं मानून लिहील, आणि मग मी काय, ती बनवणारेसुद्धा काही परत आणू शकणार नाहीत. म्हणून ऐकल्याशिवाय नाही. वाचकांच्या रेकॉर्डिंगमधला श्वाससुद्धा पकडणारा माणूस आहेस तू. तुझ्या कानांवर माझा भरवसा आहे.

भाची

२१ जानेवारी, दुपार

भाचेबाई,

नावं दिसली. सगळी. भूगोल लावून पाहिला. आवाज स्वच्छ आहे.

दुरुस्तीचं बटण सापडलं. हेडसर दोनदा दार हादरवून गेले. कॉम्प्युटरवाला बाहेर बाकावर बसलाय.

मामा

२१ जानेवारी, दुपार

मामा!

सुटलो! मी इथे ऑफिसात उडीच मारली, सगळे बघायला लागले. म्हणजे ही म्हातारी पेटी डिस्क ओळखते! दाब दुरुस्ती. रात्रभर चालेल, मध्ये वीज जाऊ देऊ नकोस.

मी आता मशिनांच्या खोलीत चाललेय. तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, उद्या सकाळीच मेल बघेन. आल्यावर मला चांगली बातमी दिसली पाहिजे. आणि त्या कॉम्प्युटरवाल्याला चहा पाज, बिचारा उगाच ताटकळला.

भाची

२२ जानेवारी, सकाळ

भाचेबाई,

दुरुस्ती चालू केलेली नाही. आधी हे वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

मला ऐकू येत नाही.

अगदी ठार नाही. समोर उभं राहून कोणी सावकाश बोललं तर ओठांवरून आणि थोडंफार कानावर पडतं त्यावरून कळतं. फोनवर नुसती गुणगुण येते. म्हणून तुझा उचलत नव्हतो, तुझ्या आईचाही नाही. रागबिग काही नव्हता गं. तू 'अबोला' म्हणून लिहिलंस तेव्हा खरं काय ते लिहायला घेतलं, पण धीर झाला नाही. सगळी शाळा कानांवर चालते आणि तिचा ग्रंथपाल बहिरा, हे कोणाला सांगणार? रेकॉर्डिंग तपासताना पडद्यावरच्या आवाजाच्या पट्ट्या बघून ठरवत होतो. पट्ट्या नाचल्या की बरोबर.

काल भूगोल लावला तेव्हाही पट्ट्या नाचत होत्या. तुला 'स्वच्छ' लिहून मोकळा झालो. तुझं उत्तर आलं, दुरुस्तीच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना. 'तुझ्या कानांवर माझा भरवसा आहे' हे तुझं वाक्य समोर होतं. मुलींचं वर्ष माझ्या एका बोटाखाली आणि मी नाचणाऱ्या पट्ट्यांवर विसंबून बसलेलो. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

उठलो, कडी काढली, हेडसरांच्या समोरून तडक ऑपरेटरबाईंच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, 'बाई, एक ऐकायचंय. मला ऐकू येत नाही.'

बाईंनी हेडफोन काढला. माझ्या दिशेला तोंड करून सावकाश म्हणाल्या, 'मला केव्हाचं माहीत आहे. मी इतके टोमणे मारले, एकाचंही उत्तर आलं नाही. एवढे सज्जन तुम्ही नक्कीच नाही.'

त्यांना लायब्ररीत आणलं. भूगोल लावला. पहिल्याच मिनिटाला त्यांनी हात वर केला. मग पुन्हा. मग सारखाच. वाक्य अर्ध्यावर तुटतं, भलतंच सुरू होतं, मध्ये नुसती खरखर आणि मग मागचं पुन्हा, असं म्हणाल्या. स्वच्छ म्हणे! मी बोट उचललं नसतं तर, भाचेबाई, या क्षणी काहीही उरलं नसतं.

फाइल तुला पाठवायला गेलो, पण मेल ती घेत नाही, फार मोठी आहे. तेव्हा बाईंनीच युक्ती काढली. त्यांना टायपिंग येतं. कानावर पडेल ते जसंच्या तसं त्या टाइप करत गेल्या. जिथे तुटलं तिथे नवी ओळ, खरखर आली तिथे फुली. मी भूगोलाचं छापील पुस्तक मांडीवर घेऊन प्रत्येक तुकडा कुठल्या पानावरचा ते शोधलं आणि पुस्तकात तो कितवा यायला हवा तो आकडा शेजारी घातला. दोन धडे असे पुरे केले. खाली सगळं जोडलंय. यावरून तुला काही कळतं का बघ.

एक मात्र वेगळंच झालं. टाइप करता करता बाई थांबल्या. 'हा तुमचाच आवाज की,' म्हणाल्या. भूगोल मीच वाचला होता, वाचक मिळत नव्हता तेव्हा. मी विसरूनच गेलो होतो.

हेडसरांना सगळं सांगून टाकलं. पेटीचंही आणि कानांचंही. ते आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसले. कॉम्प्युटरवाला मात्र अजून येतोच आहे.

मामा

२२ जानेवारी, दुपार

मामा,

रडून झालं, मग कामाला लागले. कानांबद्दल तुझ्याशी भांडायचंय, पण ते समोर आल्यावर.

आधी हे ऐक. तुम्ही दोघांनी जे केलंत ते माझ्या ऑफिसात कोणाला सुचलं नसतं. तुकड्यांचे आकडे आणि बाईंच्या फुल्या मांडल्या आणि कप्पे आपोआप उलगडत गेले. ती खरखर म्हणजे एखादी डिस्क बिघडली तर तिला सांभाळून घेण्यासाठी पेटीने ठेवलेला जास्तीचा हिशोब, तो कुठल्या कप्प्यात पडतो ते ठरलेलं असतं. पहिला, दुसरा, पाचवा आणि आठवा कप्पा जागच्या जागी आहे, म्हणून नावं दिसत होती. तिसऱ्यातली डिस्क सहाव्यात घाल, सहाव्यातली चौथ्यात, चौथ्यातली सातव्यात, सातव्यातली तिसऱ्यात. पेटी पूर्ण बंद करून. आणि या वेळी प्रत्येकीवर कप्प्याचा नंबर चिकटव, देवा!

मग पुन्हा 'फक्त वाचण्यासाठी'. बाईंना एकच नाही, चार-पाच पुस्तकं ऐकू दे, मधूनमधून. त्यांनी हात वर केला नाही तरच दुरुस्ती. त्या हो म्हणतील तेव्हा. तू नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस.

भाची

२४ जानेवारी

भाचेबाई,

वाईट कसलं वाटायचं? तू बरोबर लिहिलंस.

डिस्क बदलताना बाईंनी एकेक कप्पा बोटांनी मोजून खात्री केली. मग त्या ऐकत बसल्या. गणित, विज्ञान, भूगोल, भाषेची दोन्ही. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. दोन्ही हात मांडीवर. एकदा उजवा हलला तेव्हा माझा जीव वर आला, पण त्यांनी नाक खाजवलं. शेवटी म्हणाल्या, 'दाबा.' मी दाबलं.

आज दुरुस्ती पुरी झाली. वसतिगृहात सगळं वाजतंय. एक सोडून. इतिहास सुरू होतो आणि पहिल्या धड्यानंतर नुसती खरखर. बाईंनी सगळा शोधला, पुढे काहीच नाही. हे परत येईल का?

मामा

२४ जानेवारी, दुपार

मामा,

नाही येणार. इतिहास सगळ्यात शेवटी घातलेला, बरोबर? चुकीच्या क्रमाने चालू झाल्याबरोबर पेटीने तो 'हो-नाही'चा प्रश्न विचारायच्या आधी थोडंसं लिहिलं असणार, ते नेमकं त्याच्यावर पडलं. बाकीचं वाचलं हेच नशीब समज. ज्यांनी वाचला होता त्यांना पुन्हा विचार.

या वेळी मी एक जास्तीची डिस्क कुरिअरने पाठवतेय. दुसरी प्रत तिच्यावर. 'बघतो' चालणार नाही.

भाची

२ फेब्रुवारी

भाचेबाई,

डिस्क मिळाली. दुसरी प्रत झाली, ती हेडसरांच्या कपाटात कुलपात आहे. त्यांनीच मागून घेतली.

रेकॉर्डिंग तपासायचं काम माझ्याकडून काढलं. आता ते ऑपरेटरबाईंकडे. हेडसर सरळ म्हणाले, 'तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं.' लागलं मनाला, पण त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. रात्री जेवण गेलं नाही, एवढं तुला सांगतो.

इतिहास ज्यांनी वाचला होता त्या बाई मुलाकडे परगावी गेल्यात, परीक्षा होईपर्यंत येणार नाहीत. दुसरं कोणी मोकळं नाही. ऑपरेटरबाईंनी हेडसरांना माझं नाव सुचवलं. मी नाहीच म्हणालो. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस वाचणार कसा? ओरडेन नाहीतर पुटपुटेन, मुलींना ताप. बाई म्हणाल्या, 'भूगोल उत्तम वाचला होतात. गळा तोच आहे, कान माझे घ्या.' सांगतायत की दटावतायत तेच कळेना. पण वसतिगृहात दहावीच्या मुली इतिहासाशिवाय बसल्यात. गेलो.

आता रोज सकाळी रेकॉर्डिंगच्या खोलीत बसतो. काचेपलीकडे बाई, हेडफोन लावून. माझा आवाज चढला की त्यांचा हात वर जातो, फार पडला की टेबलावर खाली टेकतो. मधोमध राहिला की वाचत राहायचं. पहिल्या दिवशी तो हात एक क्षण स्थिर नव्हता. मी तिसऱ्याच पानावर पुस्तक मिटलं आणि म्हटलं, बाई, हे माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी उत्तर दिलं असेल तर मला कळलं नाही. हात तसाच मधोमध धरून बसून राहिल्या. मग पुन्हा पुस्तक उघडलं.

काल निम्मं पुस्तक झालं. एका धड्यात शेवटपर्यंत तो हात हललाच नाही. मी वाचलेलं मला काहीच ऐकू आलं नाही. धडा संपला तेव्हा बाईंनी हात खाली घेऊन बोटं चोळली, दुखत असणार. मी पुढचं पान उलटलं आणि त्यांनी पुन्हा हात मधोमध धरला.

मामा